सोमवारचा चौकोन

भालकीतल्या आमच्या गल्लीत एप्रिल सरत आला की कुठल्या घरात नीटची परीक्षा आहे, हे कुणाला विचारावं लागत नाही. टीव्हीवर चादर पडलेली असते. आजीचं पहाटेचं भजन ओठांतल्या ओठांत चालतं. शिट्टी वाजू नये म्हणून कुकर मांडणीवर चढतो आणि वरण पातेल्यात शिजतं. धाकट्याची बॅट माळ्यावर जाते. पाहुण्यांना ‘पेपर झाल्यावर या’ असा निरोप जातो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्यात मे महिन्यातल्या एका रविवारभोवती लाल पेनाने गोल काढलेला असतो. तो इतक्यांदा गिरवलेला असतो, की कागद फाटायच्या बेताला येतो.

मागे अशाच एका घरी गेलो होतो. पोरीचं हे दुसरं वर्ष, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत ‘लाँग टर्म’. बाप माझा जुना विद्यार्थी. दारातच म्हणाला, “बारीक बोला गुरुजी, आत वाचलालीय.” चहा झाला, आणि मग त्यानेच न राहवून बारीक आवाजात सगळं सांगितलं. गावाकडची दीड एकर गेली. सोसायटीचं कर्ज आहे. “यंदा नाही झालं तर संपलंच बघा.” मधली भिंत विटेची नव्हती, पत्र्याची होती. पलीकडे पान उलटल्याचा आवाज येत होता. ‘संपलंच’ हा शब्द आला आणि तो आवाज थांबला.

या घरात जी शांतता होती, ती अभ्यासाची शांतता नव्हती. आत कुणी अत्यवस्थ माणूस असावं आणि बाहेर सगळ्यांनी पाय न वाजवता फिरावं, तशी ती होती. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरीला आपण परीक्षेआधीच रुग्ण करून टाकलं होतं.

शेवटच्या आठवड्यात पोरांनी काय वाचावं, हे सांगायला शहरोशहरी क्लास आहेत. मला सांगायचंय ते वेगळं आहे. पोरांचा अभ्यासक्रम या आठवड्याआधीच संपलेला असतो. बाकी असतो तो आपला, मोठ्यांचा. त्यात एकच धडा असा आहे, की तो निकालाआधी झाला तरच झाला. निकालानंतर तो करता येत नाही.

आमच्या भागात ही परीक्षा एवढी मोठी का झाली, हे आधी समजून घेतलं पाहिजे. ते न समजता बापाला दोष देणं फार सोपं आहे. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्यातला बीदर जिल्हा तीन ठिकाणी वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद आणि खुद्द बीदर म्हैसूर राज्यात आले. सोयरीक तिकडे राहिली, जमिनीची पहाणी इकडे. तेव्हापासून आमच्या घरात बोलणं मराठी, कचेरीचा कारभार कन्नड, आजोबांच्या पेटीतले कागद उर्दू आणि पोरांचं विज्ञान इंग्रजी. ज्याला चार भाषांतून वाट काढायची आहे, त्याला कुठल्याही भाषेत एकच मान असलेला धंदा हवासा वाटतो. डॉक्टरला सगळ्या भाषांत डॉक्टरच म्हणतात.

त्यात शिकायच्या वाटाही जवळ आल्या. सीमेपलीकडे लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी सराव आणि पुन्हा सराव, अशी जी शिस्त बसवली, तिला अख्खा महाराष्ट्र ‘लातूर पॅटर्न’ म्हणतो. आमची पोरं दहावी झाली की तिकडे जातात. तिकडची पोरं बीदरला येतात, कारण १९८९ साली मूठभर मुलांवर सुरू झालेल्या शाहीन संस्थेने बीदरचं नाव देशभर नेलं. मदरशात कुराण पाठ केलेल्या मुलांनाही तिथे मेडिकलची वाट सापडली. कलबुर्गीत १९६३पासून महादेवप्पा रामपुरे मेडिकल कॉलेज आहे. बीदरला २००७ साली सरकारी ब्रिम्स आलं, पुढे कलबुर्गीला जिम्स आलं. राज्यघटनेत ३७१ (जे) हे कलम आलं आणि २०१३पासून आमच्या भागातल्या, म्हणजे कल्याण कर्नाटकातल्या संस्थांत स्थानिकांसाठी सत्तर टक्के जागा राखल्या गेल्या. पूर्वी ज्या दाराकडे आम्ही नुसतं बघत होतो, त्याची कडी आता हाताला लागते.

म्हणून ‘लेकरू डॉक्टर व्हावं’ ही इथली हाव नाही. ज्या गावाने अडलेली बाळंतीण रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तालुक्याला नेली आहे, त्या गावाने डॉक्टरची आस धरली तर त्यात चूक काय? आस बरोबर आहे, चूक हिशोबात आहे.

२०२५च्या नीटला २२ लाखांहून जास्त मुलं बसली. देशभरातल्या सरकारी-खासगी सगळ्या एमबीबीएसच्या जागा मिळून तेव्हा सुमारे १ लाख १८ हजार होत्या, आणि त्यातल्या सामान्य घराला परवडतील अशा सरकारी जागा निम्म्याच्या आसपास. म्हणजे एका जागेमागे अठरा-एकोणीस पोरं. सगळ्यांनी रात्रीचा दिवस केला, सगळ्यांच्या आयांनी गुरुवार धरले, तरी एकोणिसातली अठरा बाहेर राहणारच. हा दोष पोरांचा नाही, भागाकाराचा आहे. भागाकारातल्या बाकीला आपण ‘वाया गेलं’ म्हणतो.

बरं, गुण तरी काही पक्कं माप आहे का? २०२४ साली आधी ६७ जणांना ७२०पैकी ७२० पडले. सुधारित निकालात ते १७ राहिले. पुढच्याच वर्षी पेपर असा निघाला, की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ गुण होते. एका वर्षी ज्या गुणांवर घरात रडारड झाली असती, त्याच गुणांवर दुसऱ्या वर्षी पेढे वाटले गेले असते. गुण म्हणजे पोराचं वजन नव्हे, तो त्या वर्षीच्या बाजाराचा भाव आहे. कलबुर्गीच्या अडतीवर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हे मी काय सांगावं? तुरीचा भाव पडला म्हणून तूर किडकी होत नाही, हे तो मला शिकवील. तोच शेतकरी घरी आल्यावर मात्र पोरीचे गुण पडले की पोरगीच किडकी ठरवतो.

आता या आठवड्यात पोरांच्या हातात जे आहे, ते थोडक्यात सांगतो. पेपर दुपारी दोन ते पाच असतो. १८० मिनिटांत १८० प्रश्न. त्यांतले ९० जीवशास्त्राचे, ४५ भौतिकशास्त्राचे आणि ४५ रसायनशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. रात्री दोनपर्यंत जागणारं पोर आपल्या डोक्याला भलत्याच वेळी जागं राहायला शिकवतं. ज्या वेळी पेपर आहे, ती मे महिन्यातली, जेवणानंतरची, डोळ्यांवर झापड येण्याची वेळ आहे. म्हणून या आठवड्यात रोज दोन ते पाच जुना पेपर घेऊन बसावं आणि रात्री वेळेवर झोपावं. दिवसा वाचलेलं मनात पक्कं बसतं ते झोपेत. झोप कापून वाचणं म्हणजे मळणी झाल्यावर धान्य खळ्यावरच टाकून येणं. नवं पुस्तक आणू नये. एनसीईआरटीची जी प्रत खुणांनी भरली आहे, तीच चाळावी. पुन्हा वाचत बसण्यापेक्षा पुस्तक मिटून ‘मला काय आठवतं’ हे कागदावर काढलं, तर ते जास्त टिकतं. चारपैकी दोन पर्याय नक्की चूक आहेत असं दिसलं, तर उरलेल्या दोघांतून एक धरायला हरकत नाही. काहीच दिसत नसेल, तर पुढे जावं.

सीमेवरच्या मुलांसाठी एक जास्तीची गोष्ट आहे. नीटचा मराठी पेपर महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळतो. बीदर-कलबुर्गीच्या केंद्रावर इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा कन्नड. मराठी शाळेत दहावी झालेलं पोर मनातल्या मनात गणित मराठीत करतं आणि प्रश्न इंग्रजीत वाचतं. मधला तो एक क्षण त्याला प्रत्येक प्रश्नाला द्यावा लागतो. ही अडचण त्याची मंदबुद्धी नाही. नकाशावर रेघ मारली गेली, त्याचं ते भाडं आहे आणि तो ते भरतो आहे. निदान घरच्यांना हे माहीत असावं.

आणि केंद्राचं दार. दीडनंतर आत सोडत नाहीत, पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट, दागिने यांवर बंधनं असतात. २०२५च्या एप्रिलमध्ये बीदरमध्ये सीईटीच्या एका केंद्रावर जानवं काढण्यावरून अडवलं गेल्यामुळे एका मुलाचा गणिताचा पेपर बुडाला. पुढच्याच महिन्यात कलबुर्गीत नीटच्या केंद्रावरही जानव्यावरूनच आंदोलन झालं. आज जानवं आहे, उद्या मंगळसूत्र असेल, परवा हिजाब असेल. पेपरफुटी रोखायची म्हणून मुलांच्या अंगावरचा दोरा तपासणारी व्यवस्था आपल्या छपाईच्या आणि वाहतुकीच्या पेट्या तेवढ्याच कसोशीने तपासते का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तो मोठ्यांनी विचारायचा, आणि परीक्षेच्या दिवशी दारात नव्हे, आधी आणि नंतर. दारात वाद घालायची पाळी पोरावर येऊ देऊ नये.

पोरांचं एवढंच. आता मोठ्यांचा अभ्यासक्रम.

पहिला धडा पैशाचा. या आठवड्यात बहुतेक घरांत जमिनीचा विषय निघतो. बाप रागाने काढत नाही, काळजीने काढतो. पण ‘तुझ्यासाठी दीड एकर विकली’ हे वाक्य ऐकणाऱ्या पोराला त्यात प्रेम ऐकू येत नाही, त्याला पावती ऐकू येते. सावकाराचं देणं वेळेवर फेडता आलं नाही तर मुदत वाढवून मिळते. बापाचं देणं रविवारी पाच वाजता एकदम चुकतं करायचं, असं पोराला वाटतं. देणं डोक्यावर घेऊन प्रश्न सोडवायला बसलेल्या पोराला हातात आलेलं उत्तरही खोटं वाटू लागतं.

दुसरा धडा नवसाचा. आमच्या भागातली निम्मी माणसं या दिवसांत गाणगापूरला भीमा-अमरजेच्या संगमावर दिसतात. हॉल तिकिटाची झेरॉक्स दत्ताच्या पायाशी ठेवतात. कुणी बीदरच्या झरणी नरसिंहाला छातीभर पाण्यातून जातं, कुणी माणिकनगरला. श्रद्धेशी माझं भांडण नाही. माझी विनंती एवढीच आहे, की नवस बोलताना पोराला शेजारी उभं करू नका. ‘लेकाला सीट मिळू दे, गाणगापूरला अनवाणी येईन’ असं आई म्हणते, तेव्हा आईच्या पायाचे फोडसुद्धा लेकराच्या खात्यावर लिहिले जातात. देवाशी बोलायचं ते एकट्याने बोलावं. देव काही ओरडून सांगितल्यानेच ऐकतो असं नाही.

तिसरा धडा दलालांचा. हा आठवडा त्यांच्या सुगीचा असतो. कुणी म्हणतो पेपर मिळेल, कुणी म्हणतो अमुक गुण पडले तरी मॅनेजमेंटची सीट करून देतो. २०२४ साली पाटणा आणि हजारीबागमध्ये पेपर फुटला, हे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलं. त्या वर्षीच्या नीटमधल्या गैरप्रकारांच्या तपासाचा एक धागा लातूरपर्यंत आला आणि शिक्षकांना अटक झाली. त्याच वर्षी २१ जूनपासून अशा गुन्ह्यांसाठी केंद्राचा कडक कायदा लागू झाला. संघटितपणे पेपर फोडणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटी रुपये दंड. पण मी कायद्याचा धाक घालायला बसलेलो नाही. विचार एवढाच करा, की पेपर विकत घ्यायला निघालेला बाप पोराला न बोलता काय सांगतो? ‘बाळा, तुझ्याच्याने होणार नाही, याची मला खात्री आहे.’ दोन वर्षं घरदार सोडून राबलेल्या पोराला याहून जिव्हारी लागणारं वाक्य नाही.

आणखी एक. निकालाच्या दिवशी ‘पात्र’ हा शब्द फसवतो. २०२५ला सव्वाबारा लाखांहून जास्त मुलं पात्र ठरली आणि एमबीबीएसच्या जागा त्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी. पात्र आणि प्रवेश यांच्यामधल्या या फटीत दलाल राहतो. कौन्सेलिंगचं वेळापत्रक आणि ३७१ (जे)चा दाखला हाताशी ठेवा, एवढं केलं तरी त्याचं अर्धं दुकान बंद होतं.

आता काठीबद्दल बोललं पाहिजे. २०२५च्या जूनमध्ये सांगली जिल्ह्यात सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून बापाने मारहाण केली आणि सतरा वर्षांची मुलगी दगावली, अशी बातमी आली. बापाला अटक झाली. तो बाप अडाणी नव्हता, शिक्षणक्षेत्रातलाच होता. बातमी वाचून सगळ्यांनी ‘राक्षस’ म्हटलं आणि हात झटकले. मला हात झटकता आले नाहीत, कारण त्या काठीचं एक टोक आपल्या सगळ्यांच्या हातात आहे. आपण मारत नाही, पण ‘धाक हवा’ म्हणतो. धाकाने माणूस घडतो, ही आपली जुनी, प्रतिष्ठित समजूत आहे.

तिला आधार म्हणून आपण आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगतो. गोपाळरावांनी बायकोला शिकवण्याचा ध्यास घेतला, ती पुस्तक सोडून स्वयंपाकात रमलेली दिसली म्हणून तिला मारलं, आणि म्हणून ती १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली, असं आपण ऐकवतो. यातलं ‘म्हणून’ खोटं आहे. आनंदीबाईंना डॉक्टर केलं ते काठीने नाही. चौदाव्या वर्षी त्यांचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं, बाईला दाखवायला बाईडॉक्टर नाही हे त्यांनी सोसलं, त्या दुःखातून त्यांचा निश्चय आला. काठीमुळे नव्हे, काठी असूनही त्या शिकल्या. क्षयाने १८८७च्या फेब्रुवारीत एकविसाव्या वर्षी गेल्या, एकाही रुग्णावर स्वतंत्रपणे उपचार करायला न मिळता.

त्याच काळातली दुसरी डॉक्टर रखमाबाई. लहानपणी लावलेलं लग्न मान्य नाही, असं त्या म्हणाल्या, तेव्हा समाजातला मोठा वर्ग विरोधात गेला. १८८७ साली न्यायालयाने फर्मावलं, की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोग. त्यांनी कैदेची तयारी दाखवली. त्यांना हे बळ कुठून आलं? त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन आधीपासून त्यांच्या पाठीशी उभे राहिले होते. खटल्याचा शेवट बघायला ते उरले नाहीत, पण त्यांनी दिलेला आधार उरला. रखमाबाई लंडनला शिकून १८९४ साली डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला दशकानुदशकं बायकांचे दवाखाने चालवले आणि १९५५ साली नव्वदी ओलांडून गेल्या. एकीचं अल्पायुष्य आणि दुसरीचं दीर्घायुष्य हा काठीचा आणि आधाराचा निकाल आहे, असं मी म्हणणार नाही; क्षयाला तसा हिशोब कळत नाही. पण आपण पोरांना गोपाळरावांची काठीच का सांगतो, सखाराम अर्जुनांची पाठराखण का सांगत नाही, हा प्रश्न उरतोच.

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं. “गुरुजी, तुम्हाला बोलायला काय जातं? जमीन आमची गेली.” खरं आहे. तेव्हा माझं काय गेलं, तेही सांगतो. तीस वर्षं मी वर्गात तपासलेले पेपर गुणांच्या उतरत्या क्रमाने वाटले. सगळ्यात वर पहिला, सगळ्यात शेवटी शेवटचा, आणि शेवटच्याचं नाव मी जरा थांबून घ्यायचो. वर्ग हसायचा. मला वाटायचं, लाज वाटली की अभ्यास करेल. एक मुलगा असा सलग तीन वेळा शेवटी आला आणि चौथ्या वेळी शाळेतच आला नाही. तो पुढे कुठे गेला, मला ठाऊक नाही. ठाऊक नाही, कारण मी विचारलं नाही. २०२५च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोचिंग संस्थांना बजावलं, की गुणांवरून वेगळ्या तुकड्या पाडू नका, चारचौघांत मुलांचा पाणउतारा करू नका. ते वाचताना मला कोचिंगवाले दिसले नाहीत, माझाच वर्ग दिसला. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्या आकड्यात एखादा ‘शेवटचा’ असेल, ज्याचं नाव त्याच्या गुरुजीने जरा थांबून घेतलं होतं.

निकालानंतर चौकाचौकांत फलक लागतात. पहिल्या आलेल्यांचे फोटो, गुण, हार. मला त्या मुलांचा अभिमानच आहे. पण त्या फलकाखालून सायकलवर जाणारं पोर काय वाचतं? ज्यांचा फोटो नाही ते नाहीतच, असं वाचतं. आणि हे कुठे घडतंय? बाराव्या शतकात जिथे बसवण्णांनी कायकाचा विचार मांडला, त्या बसवकल्याणच्या परिसरात. त्यांच्या सभेत, अनुभव मंटपात, नावाडी अंबिगर चौडय्या होता, धोबी मडिवाळ माचय्या होता, मोळीविक्या मारय्या होता, आणि त्याच पंक्तीत वैद्य संगण्णाही होता. वैद्याला वेगळा पाट नव्हता. काम नेकीने केलं की ते श्रेष्ठ, हा त्या भूमीचा निकाल होता. आठशे वर्षांनी त्याच भूमीत आपण पोरांना सांगतो, की एकच पाट आहे, तो मिळाला नाही तर जमिनीवर बस.

दुसरे पाट आहेत, आणि हाताच्या अंतरावर आहेत. पशुवैद्यकीय विद्यापीठ बीदरलाच आहे. त्याची वाट राज्याच्या सीईटीतून जाते, आणि ज्या भागाने देवणीसारखी गाय दिली, त्या भागात गुरांचा डॉक्टर काही कमी नाही. आळंद तालुक्यात कडगंचीला केंद्रीय विद्यापीठ आहे. नर्सिंग आहे, फार्मसी आहे, फिजिओथेरपी आहे, शेतीशास्त्र आहे. पण खरी गोची इथे आहे. ही यादी निकालानंतर वाचून दाखवली, तर ती पोराला उरल्यासुरल्याची वाटते. तीच यादी निकालाआधी, बरोबरीच्या नात्याने मांडली, तर ती वाट वाटते.

मी सुरुवातीला म्हटलेला धडा तो हाच. निकाल लागल्यावर ‘असू दे बाळा, आम्ही आहोत’ म्हटलं, तर ते सांत्वन असतं, आणि सांत्वन हे हरलेल्याचं करतात, हे पोराला कळतं. तेच वाक्य परीक्षेआधी म्हटलं, तर तो दिलेला शब्द असतो. निकाल कसाही लागला तरी शब्द मोडत नाही, म्हणून त्याला आधार म्हणतात. या शब्दाला शेवटची तारीख आहे, आणि ती रविवार दुपारी दीडची आहे. दार लागलं, की आपला पेपर संपला.

तो शब्द कसा द्यायचा? भाषण नको. पंगतीला वाढताना, गच्चीत आडवं पडल्यावर, मोटारसायकलवर मागे बसलेल्या पोराला, “जमीन माझी होती, विकली मी. तुझ्याकडं त्याचं देणं नाही,” एवढं म्हणावं. “सीट मिळाली तर मिळाली, नाही तर आपण दोघं बसून पुढचं बघू.” एवढं बास आहे. आणि पोर जेवेनासं झालं, झोपेनासं झालं, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं एखादं वाक्य बोललं, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटं सोडू नये, त्याच्याजवळ बसावं. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, आपल्या भाषेत बोलता येतं. डॉक्टर होण्यासाठी एवढा खटाटोप करणाऱ्या घराने मनाचा डॉक्टर बघण्यात कमीपणा मानावा, हे तर्काला धरून नाही.

त्या लाँग टर्मवाल्या पोरीचं पुढे काय झालं, ते मी मुद्दाम सांगत नाही. सीट लागली म्हटलं, तर तुम्ही म्हणाल, बघा, धाकाने झालं. लागली नाही म्हटलं, तर म्हणाल, बघा, लाडाने बिघडलं. दोन्ही वेळा तुम्ही निकालावरूनच घर मोजाल, आणि माझा सगळा लेख वाया जाईल.

त्या दिवशी मात्र निघताना मी कालनिर्णयासमोर उभा राहिलो. लाल गोलातल्या रविवारच्या आधीचे सगळे चौकोन बारीक अक्षरांनी भरले होते. कुठला धडा, कुठली टेस्ट, किती गुण. गोलाच्या पुढचा सोमवारचा चौकोन कोरा होता. मंगळवारही कोरा होता. अख्ख्या घराचं आयुष्य त्या रविवारी पाच वाजता थांबत होतं. मी पोरीच्या बापाला विचारलं, “सोमवारी काय करायचंय रे?” तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, कारण सोमवार असतो हेच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

पत्र्याच्या पलीकडून आवाज आला. “झोपायचंय मला. मग मामाकडं उदगीरला जायचंय.”

म्हणजे इतका वेळ तिने सगळं ऐकलं होतं. बाप काही बोलला नाही. उठला, कालनिर्णयाजवळ गेला आणि दोरीला लटकवलेलं लाल पेन हातात घेतलं.

मी म्हटलं, “लाल नको. निळं घे.”